हॉकी-स्टिकची पारख

हॉकीचा सामना पाहताना प्रेक्षकाची नजर चेंडूवर असते, आणि चेंडू दिसेनासा झाला की ती खेळाडूवर जाते. ह्या दोघांच्या मध्ये जी एक वस्तू असते, जिच्यावाचून त्यांचा संबंधच येऊ शकत नाही, ती स्टिक मात्र मोडून पडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. मला तिच्याविषयी विचार करण्याचे कारण पडले ते एका सहकाऱ्याच्या अडचणीमुळे.

ह्या गृहस्थांचा मुलगा सतरा वर्षांचा. शाळेपासून हॉकी खेळणारा, मधल्या फळीतला. जुन्या भाषेत सांगायचे तर सेंटर-हाफ. राज्याच्या कुमार संघासाठी निवड-शिबिराचे बोलावणे आले, तेव्हा वडिलांनी आनंदाच्या भरात वीस हजारांच्या वर किमतीची स्टिक त्याला आणून दिली. हिच्यात शंभर टक्के कार्बन आहे आणि मोठमोठे ड्रॅग-फ्लिकर असल्याच बाकाची स्टिक वापरतात, असे दुकानदाराने सांगितले होते, आणि त्यात खोटे काही नव्हते. शिबिराला पंधरा दिवस उरले होते. चार दिवसांतच मुलाचे तोंड उतरले. वेगाने आलेला चेंडू स्टिकला लागून हात-दीड हात पुढे उसळू लागला. जमिनीलगत जायचा पास मध्येच उचलला जाऊ लागला. प्रशिक्षक म्हणाले, ह्याचे लक्ष नाही. वडील म्हणाले, एवढी महागाची वस्तू दिली तरी ही तऱ्हा. आणि मुलाला वाटू लागले की आपले हातच गेले. मी विद्यापीठाच्या संघातून थोडाबहुत खेळलो होतो, एवढ्याच भांडवलावर मला विचारणा झाली.

नवशिक्यासाठी स्टिक निवडणे सोपे असते. उंचीला साजेशी, हलकीशी, लाकडाची किंवा साध्या फायबरची कोणतीही चालते, कारण तिच्याकडून त्याला काय हवे हे अजून त्यालाच ठाऊक नसते. मुरलेल्या खेळाडूची गोष्ट वेगळी. त्याच्या हाताला सवयी लागलेल्या असतात, मैदानावरची जागा ठरलेली असते, आणि बाजारात त्याच्यापुढे ज्या स्टिक मांडल्या जातात त्यांतल्या प्रत्येकीत एखादा गुण दुसऱ्या एखाद्या गुणाच्या मोबदल्यात आणलेला असतो. हा मोबदला काय, हे मात्र दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

प्रथम नियम कोणते आहेत ते पाहू. कारण कारागिराची सारी करामत त्यांच्या चौकटीतच चालते. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांप्रमाणे स्टिकचे वजन ७३७ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये आणि लांबी १०५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नको. मुठीच्या वेष्टनासह सबंध स्टिक ५१ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या कड्यातून पार गेली पाहिजे. तिच्यात धातूचा अंश असू नये. बाकी कशाचीही करा. सपाट बाजू डावीकडेच असते, त्यामुळे डावखुऱ्या माणसासाठी वेगळी स्टिक हा प्रकार हॉकीत नाही. क्रिकेटमध्ये डावखुऱ्याचे जे कौतुक होते ते येथे त्याच्या वाट्याला येत नाही, बिचाऱ्याला उजव्यांच्याच रीतीने खेळावे लागते. चेंडू सपाट बाजूने किंवा कडेने खेळावा. पाठीमागच्या गोल बाजूला लागला की पंचाची शिट्टी वाजलीच.

ह्या चौकटीत शंभर वर्षांपूर्वीची आपली स्टिक बसत होती ती तुतीच्या लाकडाची. तुतीचे लाकूड चिवट, आणि वाफेवर मऊ केले की वाकवताना त्याचे तंतू तुटत नाहीत. इंग्रजांच्या जुन्या स्टिकचे खालचे टोक लांबलचक असे. आपल्याकडच्या कारागिरांनी तुती अधिक घट्ट वळवून ते आखूड केले. टोक आखूड झाल्यामुळे मनगट फिरवून स्टिक क्षणात उलटी करता येऊ लागली, आणि चेंडू उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे नाचवण्याची जी विद्या भारताच्या नावावर प्रसिद्ध झाली तिला मनासारखे हत्यार मिळाले. दांड्यासाठी वेताच्या पट्ट्या एकत्र चिकटवीत, त्यांच्या मध्ये रबराची पट्टी घालीत, आणि हा दांडा पाचरीसारखा तासून खालच्या लाकडात बसवीत. वेत आणि रबर ह्यांच्यामुळे चेंडूचा तडाखा हातापर्यंत येईतो निम्मा विरून जाई. हा धंदा सियालकोटात भरभराटीला आला. १९४७ च्या फाळणीनंतर तेथले पुष्कळ कारखानदार व कारागीर जालंधर आणि मेरठ येथे येऊन वसले. सियालकोट आपले काम आजही करीत आहे, आणि एकाच कुळातल्या ह्या शहरांचा माल जगभराच्या मैदानांवर एकमेकांसमोर उभा राहतो.

मेजर ध्यानचंदांच्या स्टिकमध्ये लोहचुंबक आहे की काय ह्या संशयाने हॉलंडमध्ये ती फोडून पाहिली, अशी एक आख्यायिका आहे. तिच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. पण चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा राहण्याला जे मनगट लागते त्याच्या जोडीला तुतीचे ते मऊपणही असे, हे मात्र त्या आख्यायिकेत कोणी सांगत नाही.

मग मैदान बदलले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि आदल्याच वर्षी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकून आलेला आपला संघ सातव्या स्थानावर फेकला गेला. ह्या पराभवाची चर्चा पुष्कळ झाली; स्टिकच्या दृष्टीने तिचा अर्थ थोडक्यात असा. गवतावर चेंडू उड्या घेत येतो, वाटेत त्याचा वेग मरतो, आणि त्याला गोंजारून ताब्यात घेणारी स्टिक लागते. पाणी मारलेल्या कृत्रिम हिरवळीवर चेंडू सरळ, सपाट आणि वेग न गमावता येतो. तेथे लांबवर जोराने धाडणाऱ्याचा फायदा होतो. तेव्हा स्टिक अधिक ताठ हवी अशी मागणी आली. लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेल्या स्टिक आल्या, वरून काचतंतूचे आवरण आले, ॲल्युमिनियमचे दांडेही काही काळ येऊन धोकादायक म्हणून बाद झाले. शेवटी लाकूड जाऊन संपूर्ण स्टिकच तंतू आणि राळ ह्यांच्या मिश्रणाची होऊ लागली. आजच्या वरच्या दर्जाच्या सामन्यात तुतीची स्टिक दिसत नाही.

ह्या नव्या स्टिकमध्ये तीन प्रकारचे तंतू मुख्यतः असतात. कार्बन ताठपणा देतो. काचतंतू, ज्याला आपण फायबरग्लास म्हणतो, तो लवचिक व स्वस्त. तिसरा अरामिड, ज्याचे केव्हलार हे व्यापारी नाव अधिक परिचित आहे. तो कंपने शोषून घेतो आणि स्टिकला एकदम तडकू देत नाही. स्टिकवर जे टक्के छापलेले असतात ते बहुधा कार्बनचे. पण टक्के म्हणजे सर्वस्व नव्हे. तंतूंचे थर कोणत्या दिशेने व कोठे जाड, कोठे पातळ घातले आहेत ह्यावर ताठपणा अवलंबून असतो, आणि म्हणून एका कंपनीची साठ टक्क्यांची स्टिक दुसऱ्या कंपनीच्या ऐंशी टक्क्यांच्या स्टिकपेक्षा हाताला कडक लागू शकते.

आता ताठपणाचा मोबदला पाहू. चेंडू आणि स्टिक ह्यांची गाठ पडते ती क्षणाच्या अगदी अल्पांशापुरती. तेवढ्या वेळात मऊ स्टिक किंचित वाकते, थरथरते, आणि त्या थरथरीत थोडी शक्ती खर्ची पडते. ताठ स्टिक वाकत नाही. जी शक्ती आपण तिच्यात घालतो तिच्यातली बहुतेक ती चेंडूच्या हवाली करते. म्हणून फटका जोरदार बसतो. परंतु आपण चेंडूला मारले की चेंडूने आपल्याला मारले, हे स्टिकला कळत नाही. समोरच्या फुल-बॅकने तडाखून दिलेला १६० ग्रॅमच्या आसपासचा कडक चेंडू तिच्यावर येऊन आदळतो तेव्हाही ती तेवढ्याच इमानाने तो परत करते. मऊ स्टिकवर जो चेंडू पायाशी पडला असता तो आता हातभर पुढे जातो, आणि आजच्या वेगवान खेळात त्या हातभर अंतरावर प्रतिस्पर्धी उभाच असतो. ज्याचे हात अतिशय सैल आणि सरावाचे आहेत तो ऐन वेळी मूठ ढिली सोडून हा उसळा गिळून टाकतो. ते साधते, पण त्याला महिने लागतात, पंधरा दिवस पुरत नाहीत.

तेव्हा मी त्या मुलाला एवढेच विचारले की, साठ मिनिटांच्या सामन्यात तू चेंडू किती वेळा अडवतोस आणि किती वेळा जोराने मारतोस? त्याने कधी मोजले नव्हते. पुढच्या सराव-सामन्यात त्याच्या मित्राने कागदावर रेघा ओढल्या. अडवलेले चेंडू सत्तेचाळीस. ढकललेले पास त्याहून थोडे कमी. आणि पूर्ण ताकदीचे फटके चार. ज्या चार फटक्यांसाठी ही स्टिक घेतली होती त्यांची किंमत तो सत्तेचाळीस वेळा मोजत होता.

अर्थात ज्याचा हिशेब उलटा आहे त्याने उलटी निवड करावी. मागच्या फळीतला खेळाडू, ज्याचे काम चेंडू हिसकावणे आणि पन्नास यार्डांवर धाडणे, त्याने कार्बनला भ्यायचे कारण नाही. आघाडीचा खेळाडू ह्या दोघांच्या मध्ये कोठे तरी पडतो, आणि त्याचे काय ते त्याच्या स्वभावावर आहे. चेंडू खेळवत आत शिरणारा एक आणि वर्तुळाच्या काठावरून फटका हाणणारा दुसरा, ह्यांना एकच स्टिक मानवणार नाही. गोलरक्षकाचा विषय निराळाच आहे, त्यात मी शिरत नाही.

पासचा चेंडू उचलला का जात होता, ह्याचे उत्तर मात्र कार्बनमध्ये नव्हते. ते बाकात होते.

स्टिक सपाट बाजू खाली करून टेबलावर ठेवली तर ती टेबलाला सर्वत्र टेकत नाही. मध्ये कमानीसारखी उचललेली दिसते. हा तिचा बाक. ह्या कमानीची उंची २५ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. पूर्वी ५० मिलिमीटरपर्यंत मुभा होती ती २००६ साली निम्म्यावर आणली गेली. शिवाय कमानीचा सर्वांत उंच बिंदू खालच्या टोकापासून २०० मिलिमीटरच्या आत येता कामा नये. खेळाडूंची सारी रस्सीखेच ह्या शेवटच्या आकड्याभोवती चालते. बाक स्टिकच्या मध्याजवळ असला तर ती सर्वसाधारण. तो खाली खाली सरकत २०० च्या मर्यादेला भिडला की तिला 'लो बो' म्हणतात, आणि ड्रॅग-फ्लिकरांचा जीव तिच्यावर असतो.

असे का, हे समजण्यासाठी पेनल्टी कॉर्नरचा एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. पेनल्टी कॉर्नरवरचा पहिला प्रयत्न फटक्याचा असेल तर चेंडू गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे गोलातल्या फळीच्या उंचीच्या वर असून चालत नाही. पण तोच चेंडू न मारता स्टिकने ओढत नेऊन भिरकावला, तर त्याला ही मर्यादा नाही, गोलाची २.१४ मीटर उंची सबंध त्याला मोकळी. ह्या फटीतून ड्रॅग-फ्लिकचा जन्म झाला. खेळाडू पुढच्या पायावर खोल वाकतो, चेंडू मागून स्टिकच्या दांड्यालगत घेतो, तो ओढत पुढे आणताना दांड्यावरून खाली घरंगळू देतो, आणि शरीराची सारी पिळवटलेली ताकद सोडून त्याला गोफणीतल्या दगडासारखा फेकतो. खालच्या बाजूला खोल बाक असेल तर चेंडू त्या खोबणीत अधिक वेळ राहतो, म्हणजे तितका वेळ त्याला वेग देता येतो. असा चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. पाकिस्तानच्या सोहेल अब्बासने ह्या विद्येवर आंतरराष्ट्रीय गोलांचा डोंगर रचला, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या हरमनप्रीत सिंगने दहा गोल करून संघाला कांस्यपदकापर्यंत नेले त्यांतलेही बहुतेक पेनल्टी कॉर्नर व पेनल्टी स्ट्रोक ह्यांवरचे होते.

ह्या खोबणीचा मोबदला साध्या खेळात द्यावा लागतो. बाक खाली आल्यामुळे स्टिकचे खालचे हेड दांड्याच्या रेषेपासून किंचित मागे कलते. हात नेहमीच्या जागी ठेवून फटका मारला किंवा चेंडू ढकलला, तर सपाट बाजू आकाशाकडे थोडी उघडी राहते आणि चेंडू उचलला जातो. ज्याला ही सवय आहे तो मूठ चेंडूच्या पुढे नेऊन बाजू मिटवतो. वर्षानुवर्षे सरळ स्टिकने खेळलेल्या सेंटर-हाफच्या हाताला हे कोण सांगणार? त्याचे हात बरोबर तेच करीत होते जे ते कालपर्यंत करीत आले होते. आणि आपला हा मुलगा पेनल्टी कॉर्नर घेतच नव्हता! त्याच्या संघात त्या कामाला दुसरा नेमलेला होता.

लांबी आणि वजन ह्यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, कारण मुरलेल्या खेळाडूला आपली लांबी बहुधा कळलेली असते. मोठ्यांची नेहमीची स्टिक साडेछत्तीस इंची. उंच माणसे आणि मागच्या फळीतले व फ्लिक करणारे खेळाडू साडेसदतीस इंची घेतात, कारण पल्ला वाढतो आणि झोक्याला जोर येतो. चेंडू जवळून खेळवणाऱ्याला तीच लांबी पोटाला अडते. वजन आज बहुधा सव्वापाचशे ते साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास असते. परंतु तराजूतल्या वजनापेक्षा हाताला लागणारे वजन वेगळे. दोन्ही स्टिक ५४० ग्रॅमच्या असोत. एकीचा तोल खालच्या बाजूला असेल तर ती जड वाटते आणि फटक्याला बरी पडते, दुसरीचा मुठीकडे असेल तर ती मनगटाच्या आज्ञेत राहते. स्टिक एका बोटावर आडवी तोलून धरली की हा तोल कोठे आहे ते दिसते. दोन स्टिक अशा शेजारी धरून पाहाव्यात.

हेडच्या आकारांतही भेद आहेत. आखूड, मध्यम, आणि आकड्यासारखे वळलेले. आजकाल मध्यम आकार बहुतेकांच्या हाती दिसतो. आकड्याने उलट्या बाजूचा चेंडू अडवायला जागा अधिक मिळते पण ती फिरवायला जड जाते. येथे ज्याने त्याने आपल्या सवयीबरोबर जावे.

दुकानातली परीक्षा मात्र फसवी असते. फरशीवर उभे राहून हवेत दोन हात फिरवले की प्रत्येक नवी स्टिक उत्तमच वाटते. तिच्या रंगाचाही त्यात हात असतो. त्यापेक्षा संघातल्या सोबत्यांच्या स्टिक मागून घ्याव्यात. पंधरा पावलांवरून कोणाला तरी जोराने चेंडू मारायला सांगून पन्नास चेंडू अडवावेत, मग पन्नास ढकलावेत, आणि फटके सगळ्यांच्या शेवटी मारावेत, हात थकल्यावर. थकलेला हात खोटे बोलत नाही. एका दिवसाने निर्णय करू नये. दुसऱ्या दिवशी कोपर आणि मनगट काय म्हणतात तेही ऐकावे, कारण अति ताठ स्टिकची कंपने तेथे मुक्कामाला राहतात. आणि निवड झाली की शक्यतो सारख्याच दोन असाव्यात. मोठ्या सामन्यात मध्येच स्टिक तडकते तेव्हा हाती येणारी दुसरी अनोळखी असली तर पुढची दहा मिनिटे खेळाडू स्वतःशीच खेळत असतो. तडकलेली, कड उललेली स्टिक पंच खेळू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तंतू उघडे पडले की ते करवतीसारखे कापतात.

किमतीविषयी बोलताना मन जरा अवघडते. तुतीची स्टिक गरिबाच्या मुलाला परवडे. मोडली तर सुतारकीच्या डिंकाने आणि चिकटपट्टीने आणखी एक हंगाम निघे. पुण्याजवळच्या खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला धनराज पिल्ले मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळ शिकला, आणि पुढे चार ऑलिंपिक खेळला. कार्बनची तडकलेली स्टिक अशी सहजी जोडता येत नाही. आज एखाद्या खेड्यातल्या मुलीला वरच्या पातळीवर खेळायचे तर वडिलांचा महिन्याचा पगार स्टिकमध्ये जातो, आणि ती चुकीची निघाली तर दुसरी घेण्याची सोय नसते. म्हणूनच हा सगळा खुलासा केवळ शौकाचा राहत नाही. सुदैवाने मध्यम ताठपणाची, साध्या बाकाची स्टिक वरच्या किमतीच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते, आणि निम्म्याहून अधिक खेळाडूंना खरी गरज तिचीच असते, असे माझे मत आहे. दुकानदाराला हे मत आवडणार नाही.

आमच्या मुलाने शिबिराला जाताना आपली जुनीच स्टिक नेली, मुठीवर नवी पट्टी गुंडाळून. निवड झाली, पण ती आधीच्या मोसमातल्या खेळावरही झाली असेल, त्याचे श्रेय मी जुन्या स्टिकला देत नाही. नवी स्टिक त्याने संघातल्या एका फुल-बॅकला अर्ध्या किमतीत दिली. तो फुल-बॅक पेनल्टी कॉर्नर घेतो. परवा एका सामन्यात त्याने तिने दोन गोल केले, दोन्ही गोलरक्षकाच्या खांद्यावरून, वरच्या कोपऱ्यात. माझे सहकारी माझ्या शेजारीच बसले होते. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "स्टिक चांगलीच होती हो."